शहरात गेलं की सायकल का सुटते?

आज आपण गाडीबद्दल आणि सायकलीबद्दल बोलणार आहोत.

गटाच्या मासिक बैठकीत कर्जाच्या मागण्या वाचल्या जातात. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना ही कारणं असतातच. आता त्यांच्या जोडीला आणखी एक कारण वरचेवर ऐकू येतं, "पोरगं पुण्याला कामाला लागलंय, त्याला गाडी घ्यायचीय." मग एखादी मावशी म्हणते, "आमच्या वेळी माणसं सायकलवर जायची. आताच्या पोरांना पायडल मारायचा कंटाळा!" दुसरी लगेच म्हणते, "अहो मावशी, तिथं राहून बघा, मग बोला." वाद तिथंच राहतो आणि सगळ्या घड्याळाकडं बघायला लागतात.

पण प्रश्न पन्नास-साठ हजारांचा असतो. तो पैसा सगळ्या गटाचा असतो, आणि हप्ता थकला की बँकेसमोर मान सगळ्यांची खाली जाते. म्हणून आम्ही गटांबरोबर काम करणाऱ्या बायकांनी हा वाद नीट सोडवून बघायचं ठरवलं. गावात शाळेला सायकलवर गेलेली पोरं शहरात कामाला लागली की सायकल का सोडतात? ते कळलं तर कर्ज कुणाला द्यायचं, किती द्यायचं, हे ठरवणं सोपं जाईल.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. जेऊरला रेल्वेत बसलेली आपली पोरं बहुतेक तिथंच उतरतात.

एकेकाळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. कॉलेजची मुलं, कचेरीतले कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, सगळे सायकलवर. कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. मुलीसुद्धा लेडीज सायकलवर कॉलेजला जात. हे का जमत होतं? कारण शहर लहान होतं. घर पेठेत, काम जवळच, रस्ता बराचसा सपाट, आणि रस्त्यावर मोटारी थोड्या. सायकलवाल्याला घाबरवणारं वाहन तेव्हा फारसं नव्हतंच.

मग हळूहळू बदल झाला. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर तयार होऊ लागल्या. त्या इतक्या हव्याशा होत्या की नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. १९७२ साली कायनेटिकची लुना आली. तिला सायकलीसारखे पायडल होते, किंमत कमी होती, पेट्रोल थोडं लागायचं. सायकलवरून गाडीवर जायची ती सोपी पायरी ठरली. पुढं १९८०च्या दशकात बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर न बदलावी लागणारी स्कूटर आली, आणि साडी नेसणाऱ्या बाईलाही गाडी चालवता येऊ लागली. नंतर हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या. एकरकमी पैसे नसणाऱ्याच्या दारातही गाडी उभी राहिली.

त्याच काळात शहर पसरत गेलं. पिंपरी-चिंचवड वाढलं. हिंजवडी, चाकण, रांजणगाव, तळेगाव इकडं कारखाने आणि कंपन्या गेल्या. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली. काम एका टोकाला आणि परवडणारी खोली दुसऱ्या टोकाला, असं झालं. २०१८ साली तर जाहीर झालं की पुण्यात नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांच्या वर गेली, म्हणजे माणसांपेक्षा वाहनं जास्त. त्यातली बहुतेक दुचाकीच होती.

आता कारणं एकेक करून बघू.

पहिलं कारण अंतर. साधा माणूस सायकलवर तासाला १२ ते १५ किलोमीटर जातो. काम चार किलोमीटरवर असेल तर वीस मिनिटांत पोचतो. शहराच्या गर्दीत गाडीवालाही तेवढ्या अंतराला बारा-पंधरा मिनिटं घेतोच, वर गाडी लावायला जागा शोधतो. म्हणजे चार किलोमीटरला सायकल फारशी हरत नाही. पण भोसरीहून चाकणला जायचं म्हटलं तर अंतर १५ किलोमीटरच्या वर. सायकलवर जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि मधे आठ तास उभं राहून काम. असं चार दिवस जमेल, वर्षभर जमणार नाही. यात आळस कुठं आला?

दुसरं कारण भीती. रस्त्यावर सायकलवाला सगळ्यात हळू आणि सगळ्यात उघडा. बाजूनं बस जाते, ट्रक जातो, गाडीवाले दोन्ही अंगांनी कट मारतात. उड्डाणपुलावर चढताना मागचा हॉर्न थांबत नाही. पुण्यात सायकलींसाठी वेगळे पट्टे केले नाहीत असं नाही. कात्रज-स्वारगेट मार्गावर २००६ साली बीआरटी सुरू झाली, तेव्हा कडेला सायकलचा पट्टाही ठेवला होता. २०१७च्या डिसेंबरमध्ये महापालिकेनं सगळ्या शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला, आणि त्याच सुमाराला भाड्याच्या सायकलीही आल्या. पण पट्टा मधेच संपतो. कुठं त्यावर हातगाडी असते, कुठं लावलेल्या मोटारी, कुठं विजेचा खांब. ओढ्यावरचा पूल मधेच अर्धा असला तर त्याचा काय उपयोग? सायकलच्या पट्ट्याचंही तसंच आहे. घरापासून कामापर्यंत सलग असेल तरच त्यावर माणूस जातो.

इथं एक चक्र तयार होतं. भीती वाटली की एक माणूस सायकल सोडून गाडी घेतो. त्यामुळं रस्त्यावर एक गाडी वाढते. तिच्यामुळं उरलेल्या सायकलवाल्याची भीती वाढते, मग तोही गाडी घेतो. शेवटी सायकलवर कोण उरतं? ज्याला गाडी परवडतच नाही तो. वॉचमन, बांधकामावरचा मजूर, पेपर टाकणारा पोरगा.

तिसरं कारण त्यातूनच येतं, मान. सायकल गरिबाची झाली की गाडी इज्जतीची होते. सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो, आपल्याला माहीत आहे. "मुलाकडं गाडी हाय का?" कंपनीच्या गेटवर सायकल लावणाऱ्या मुलाला मित्र चिडवतात. हे आपल्याला फालतू वाटेल, पण पोरांना ते बोचतं. लग्नाच्या वयाच्या पोराच्या गाडीमागं बऱ्याचदा हेच कारण असतं, मग अर्जावर काहीही लिहिलेलं असो.

चौथं कारण घाम, ऊन आणि पाऊस. आपल्याकडं चैत्र-वैशाखात दुपारी रस्त्यानं चालवत नाही. दुकानात, बँकेत, दवाखान्यात काम करणाऱ्याला घामेजलेल्या कपड्यांनी उभं राहून चालत नाही. कामावर तोंड धुवायची, कपडे बदलायची सोय असली तर हा प्रश्न सुटतो, पण अशी सोय किती ठिकाणी असते? सायकल कुलूप लावून ठेवायला राखणीची जागासुद्धा नसते. संध्याकाळी बाहेर यावं आणि सायकल जागेवर नसावी, हाही धसका असतोच.

पाचवं कारण खास बायकांचं आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. पुरुष बहुधा घरून कामाला आणि कामावरून घरी जातो. बाई तशी सरळ जात नाही. ती आधी लेकराला अंगणवाडीत किंवा शाळेत सोडते, मग कामाला जाते, येताना भाजी घेते, दळण घेते, सासूबाईंच्या गोळ्या घेते, लेकराला परत आणते. एका फेरीत चार थांबे, हातात पिशव्या, मागं लेकरू. वर घरी पोचायची घाई, कारण स्वयंपाक तिचाच. तिच्यासाठी वाचलेली वीस मिनिटं म्हणजे आराम नव्हे, पुढचं काम. त्यात कामावरून सुटायला रात्र झाली तर अंधाऱ्या रस्त्यावर सायकल हळू चालते आणि मागं येणारा माणूस सोबत चालू शकतो. गाडीचा कान पिळला की निघून जाता येतं. पुण्यातल्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडीवर जातात त्याला आपण फॅशन म्हणतो. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे कुणाची वाट न बघता, कुणाला विचारावं न लागता घरी पोचण्याची खात्री आहे.

सहावं कारण, बसचा भरवसा नाही. सायकल आणि बस या सोबतिणी आहेत. लांब जायचं असेल तर स्टँडपर्यंत सायकल आणि पुढं बस, असं जमू शकतं. पण बस वेळेवर आली नाही आणि एक खाडा पडला, तर हजेरी कापली जाते. दोनदा असं झालं की पोरगं गाडीच्या शोरूमकडं वळतं.

म्हणजे मैत्रिणींनो, गाडी घेणारा प्रत्येक जण आळशी किंवा शौकीन नसतो. त्याचं घर किती लांब, रस्ता कसा, बस कशी, यावरून निम्मा निर्णय आधीच झालेला असतो. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेरची कामं करणाऱ्यांना विचारलं होतं की कामाला कसे जाता. सगळ्या देशात मिळून शंभरातले साधारण तेरा जण सायकलवर जात होते आणि साधारण तेवढेच स्कूटर-मोटारसायकलवर. म्हणजे सायकल काही संपलेली नव्हती. जिथं अंतर जवळचं, तिथं ती टिकून होती.

रस्ता बदलला तर माणसंही बदलतात, याचा दाखला लांबच्या एका देशात मिळतो. नेदरलँड्स म्हणजे हॉलंड. आज तिथं माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. पण पन्नास वर्षांपूर्वी तिथंही मोटारी वाढल्या होत्या आणि सायकली कमी होत चालल्या होत्या. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यात चारशेवर लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. "मुलांचे बळी थांबवा" अशी मोहीम उभी राहिली, आणि तिच्यात आया पुढं होत्या. १९७३ साली तेलाची टंचाई आली, तेव्हा सरकारनं काही रविवार मोटारी बंदच ठेवल्या. पुढं सरकारनं सायकलींना सलग वेगळे रस्ते द्यायला सुरुवात केली. आज तिथं बायका पुरुषांच्या बरोबरीनं सायकल चालवतात. म्हातारी माणसंसुद्धा सायकलवर बाजाराला जातात. रस्ता सुरक्षित झाला की बाई सायकलवर येते, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट, हिशोब. एक उदाहरण धरू. मुलाचा पगार १५ हजार. गाडीसाठी ८० हजारांचं कर्ज, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत तीन वर्षं. हप्ता बसतो साधारण २,६५० रुपये. काम बारा किलोमीटरवर, म्हणजे रोज जाऊन-येऊन २४ किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले आणि पेट्रोल शंभर रुपये धरलं, तरी रोजचे जवळजवळ ५० रुपये, महिन्याचे २६ दिवस म्हणजे १,३०० च्या आसपास. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, विमा यांचे महिन्याला सरासरी ५०० धरा. बेरीज होते ४,४५० रुपये. पगारातल्या शंभरातले तीस रुपये गाडीच खाते. मग घरी पाठवायला काय उरतं? इथं आई वाट बघते आणि फोनवर पोरगं म्हणतं, "ह्या महिन्यात जमलं नाही."

याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. कामाजवळ, तीन-चार किलोमीटरवर खोली घेतली तर भाडं हजार-दीड हजारानं जास्त पडेल. पण तिथून सायकलवर जाता येतं. सायकल सहा-सात हजारांत येते. पंक्चर, हवा, चेन यांचा खर्च महिन्याला शे-दीडशेच्या वर जात नाही. म्हणून खोलीचं भाडं आणि जाण्या-येण्याचा खर्च एकाच वहीत, एकाखाली एक लिहा. स्वस्त खोली कधीकधी फार महाग पडते.

आणि जिवाचा हिशोब पैशात होत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातात १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं गेली. त्यातली शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. गाडी घेताना हेल्मेटचे पैसे त्याच कर्जात धरा आणि ते चांगलं घ्या. आणखी एक. अठरा वर्षांच्या आतलं पोरगं मोटारसायकल घेऊन निघालं तर २०१९च्या बदललेल्या कायद्यानं आई-बापाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "दूध घालायला तर जातंय, काय होतंय" असं म्हणू नका.

आता आपल्या गावाकडं बघू. करमाळा काही पुणे नाही. इथं शाळा, दूध डेअरी, बाजार, फाटा ही ठिकाणं बऱ्याच वस्त्यांपासून दोन ते पाच किलोमीटरवर आहेत. हे सायकलचंच अंतर आहे. तरी आपल्या दारातल्या सायकली गोठ्यात धूळ खातायत. का? इथंही रस्ताच बोलतो. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, बऱ्याचदा मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. साइडपट्टी खचलेली, कडेला बाभळी आत आलेल्या. अशा रस्त्यावर पोरीला सायकलवर पाठवायला कुठल्या आईचा जीव धजेल?

पण पोरगी गेली नाही तर काय होतं, तेही आपण बघतो. दहावीनंतर कॉलेज लांब पडतं, मुक्कामी एसटी वेळेवर येत नाही, आणि वर्षभरात लग्नाची बोलणी सुरू होतात. घरात गाडी आली तरी तिची चावी भावाच्या खिशात असते. बिहारमध्ये २००६ सालापासून सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा हायस्कूलमध्ये नाव घालणाऱ्या मुलींची संख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं वाढलेली दिसली. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली होती. त्यात हजारो गरीब बायका सायकल शिकल्या, घागरी आणि पोरं घेऊन सायकलवर जाऊ लागल्या. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी संस्थेनं मुलींना शाळेसाठी सायकल घ्यायला बिनव्याजी कर्ज दिलं. म्हसवडही आपल्यासारखंच दुष्काळी आणि लांब लांब वस्त्यांचं. तिथं जमलं तर आपल्या ग्रामसंघालाही हे जमण्यासारखं आहे.

मग गटानं करायचं काय? गाडीचं कर्ज बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. रात्रपाळी करणारी नर्स असेल, लांबच्या एमआयडीसीत जाणारी मुलगी असेल, तिला गाडी हीच कामाची वाट आहे. पण पुढच्या बैठकीत गाडीचा अर्ज आला तर पाच गोष्टी विचारा आणि इतिवृत्तात लिहा. काम किती किलोमीटरवर आहे? कामाजवळ खोली मिळते का, आणि भाडं व प्रवास मिळून खर्च किती? हप्ता, पेट्रोल आणि देखभाल धरून पगारातला किती भाग जाईल? गाडी कुणाच्या नावावर होईल आणि घरातल्या बाईला ती चालवायला मिळेल का? आणि पाच किलोमीटरच्या आतलं काम असेल तर सायकलनं का भागत नाही? सायकलनं भागत असेल, पण चढ जास्त किंवा गुडघे दुखत असतील, तर बॅटरीवर चालणारी सायकलही मिळते. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तर तिला पासिंग आणि लायसन लागत नाही. पण दुकानदाराकडून हे लिहून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसरं काम ग्रामसभेतलं. साइडपट्टी भरून घ्या, बाभळी तोडून घ्या, शाळेच्या वळणावर गतिरोधक मागा, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणून कारखान्याला पत्र द्या. एसटीच्या करमाळा आगाराला वेळेबद्दल अर्ज करताना दहा गटांच्या सह्या एकत्र जोडा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पण वेळेवर गाडीच नसेल तर त्या सवलतीचा काय उपयोग? एकट्या बाईचा अर्ज फायलीत जातो, दोनशे सह्यांच्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

आणि तिसरं काम घरातलं. गोठ्यातली सायकल बाहेर काढा, हवा भरा, चेनला तेल सोडा. ज्या ताईंना येत नाही त्यांनी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकायला यावं. वय विचारलं जाणार नाही. पडलं तर लागतं, पण हसणाऱ्या सगळ्या आपल्याच गटातल्या असतात. एकदा तोल आला की पुढं डेअरीला, दळणाला, बैठकीला जायला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही.

आपल्या गटात यावर काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.